चार बोटं

गणपतीचा मुकुट साकवाच्या तुळईला आपटणार, तेवढ्यात शालनने बांबू चिखलात रोवून होडी थांबवली. चार बोटं कमी पडत होती. भरती चढतच होती, आणि ओहोटीला या अरुंद खाडीत चिखलाशिवाय काही उरत नाही. ओल्या रंगाची मूर्ती कलती करायची तर तिची छाती होईना.

वर साकवावर दीर, जाऊ आणि त्यांचे दोन मुलगे वाकून बघत होते. नवरा गेल्यावर दिराने तिला वेगळं काढलं होतं. "गणपती आमच्याच घरात येतलो," असंही बजावलं होतं. म्हणून यंदा तिने स्वतःचा आणला होता, कुणाचाही हात लागू न देता. आता माघारी फिरायचं नव्हतं.

तिने मान वर केली. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती दिराशी बोलली. "भावजीनू, बगतास काय? सगळी होडयेत उतरा. वजन होया!"

दिराने चपला साकवावरच काढल्या. मग खाली होडीत उतरला. पाठोपाठ जाऊ, मुलगे. एकेका पावलासरशी होडी दबत गेली. सगळे गुडघ्यांत मान घालून बसले. दिराने तुळईला हात लावून होडी रेटली, आणि मुकुट तिच्याखालून अलगद पुढे सरकला.

पलीकडे तिने होडी काठाला लावली. "उतरा आता."

दिराने होडीतलं भावाचं, तीन वर्षं कोरडं पडलेलं वल्हं उचललं.

"देवाक अर्ध्या वाटेर सोडून कोण उतरता, वयनी? चल."