सुकदेवची बाजू

गादी दाराबाहेर उन्हात ओढून कलाबाईने खोळीची शिवण उसवली आणि सुकदेवच्या बाजूचा खळगा आतून कसा दिसतो ते नीट पाहिलं. कापूस दबून दबून पापडासारखा झाला होता. सव्वीस वर्षं एकाच कुशीवर निजणारा नवरा असला की गादीचं दुसरं काय होणार! तिची स्वतःची बाजू अजून बऱ्यापैकी फुगीर होती. दिवसाचे बारा तास कापड विणायच्या सांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाची कंबर रात्री या खळग्यात आणखीच मोडते, म्हणून तिने आज हे काम काढलं होतं. दिवाळीला माहेरी गेली तेव्हा भावाने शेतातला कापूस दिला होता, तो भेस्तानच्या या खोलीत माळ्यावर तसाच पडून होता.

सकाळी गादी बाहेर काढायला सुकदेवने हात लावला होता. चादर झटकता झटकता ती सहज बोलून गेली, "चादर बठ्ठी साफ निंघनी. पहिले तं रोज मूठभर दोरा पडेत."

सुकदेव चपला घालत होता. "खातामा आते रोज झाडझूड व्हस," एवढंच म्हणाला, डबा उचलला आणि कामाला गेला.

खात्यात, म्हणजे सांच्यांच्या कारखान्यात, राबणाऱ्या विणकराच्या अंगावर दोरे असायचेच. सांच्यावर धागा तुटला की गाठ मारायची आणि उरलेलं टोक कापायचं. दिवसभरात ती टोकं केसांत, कानांत, पाठीवर, वाटेल तिथे जाऊन बसत. संध्याकाळी तो दारात आला की कलाबाई त्याला खांद्याला धरून उलटं फिरवायची, पाठ झटकायची आणि मगच आत घ्यायची. आज गुलाबी साडी निघाली की पोपटी, ते तिला तिथेच कळायचं. "मनी पाठ शे का साडीसनं दुकान?" असं तो चिडवायचा. दिवाळीनंतर मात्र तो नळावर हातपाय धुऊन, शर्ट झटकूनच दारात यायला लागला. उशिरा का होईना, शहाणपण आलं, असं तिला वाटलं होतं.

ती दबलेल्या कापसाच्या गुठळ्या बोटांनी सोडवत बसली. खळग्यातल्या कापसात शिवणीतून आत गेलेली टोकं सापडायला लागली. गुलाबी, मोरपंखी, हळदी. ती एकेक वेचून बाजूला ठेवत होती. मग तिने रिकामी खोळ झटकायला घेतली. ही खोळ तिने दिवाळीच्या तोंडावर धुतली होती. आता संक्रांतही होऊन गेली होती. सुकदेवच्या बाजूच्या शिवणीत तिने बोट घालून पाहिलं, चारी कोपरे पाहिले. दिवाळीनंतरचं एकही टोक नव्हतं.

ती आत गेली, खुंटीवरच्या शर्टाचा खिसा उलटा केला. तोही स्वच्छ.

दिवाळीनंतर शेजारचे बाबुराव एकदा बोलता बोलता म्हणाले होते, की जुने सांचे भंगारात निघालेत आणि नव्या मशीनवर पन्नाशीचा माणूस कोणी घेत नाही. सुकदेव तेव्हा जेवत होता. "आमनं खातं चालू शे," असं तो ताटाकडे बघूनच म्हणाला होता.

मन चिंती ते वैरी न चिंती, असं म्हणून कलाबाईने स्वतःलाच दटावलं आणि परत कापसाला लागली. पण हात चालेना. काम गेलं असेल तर गेलं, आजवर काय कमी पाहिलं होतं! मग हा माणूस रोज डबा घेऊन जातो कुठे? अडीच महिने कुठल्या पुलाखाली, कुठल्या ओट्यावर एकटा बसून आपल्या हातची भाकरी खातो? तिला रडू आलं. पदराने डोळे पुसले आणि तिने ठरवलं, आज विचारायचंच.

माहेरचा कापूस तिने खळग्यात भरला, काठीने बडवून सगळीकडे सारखा केला, दाभणाने गादीभर टाके घातले. संध्याकाळपर्यंत गादी आत येऊन पडली, दोन्ही बाजूंनी सारखी.

सुकदेव आज नळावर थांबलाच नाही. सरळ दारात येऊन उभा राहिला. छातीवर, खांद्यांवर, बाह्यांवर गुलाबी दोरेच दोरे.

"दख, आज कितला दोरा पडनात," तो म्हणाला.

कलाबाईचा जीव भांड्यात पडला. दिवसभर आपण उगाच नको नको ते मनात आणलं, म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली. हसत ती पुढे झाली आणि त्याच्या खांद्यावरचं एक टोक तिने चिमटीत धरलं. ते ओलं होतं. त्याला चहाचा चोथा चिकटला होता, रस्त्यावरच्या उकिरड्यात असतो तसा.

सवयीने तिने त्याला खांद्याला धरून उलटं फिरवलं.

पाठ कोरी होती. त्याचा स्वतःचा हात जिथवर पोचत होता, तिथवरच दोरे होते.

सुकदेव पाठमोरा उभा होता. हातातला रिकामा डबा त्याने दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. दुपारपासून घोकलेला प्रश्न कलाबाईच्या अगदी ओठांवर आला होता.

"थांबा," ती म्हणाली, "पाठवर बी भलता दोरा पडेल शेतस."

आणि ती कोरी पाठ झटकत राहिली. त्याचे खांदे हलायला लागले, तरी तिने हात थांबवला नाही.