माझं सगळ्यात थरारक प्रकरण

माझ्या पेशंट असलेल्या ग्रंथपाल बाईंना वाचताना फिट येते, तीही मजकुरात जीव गुंतला तरच. त्या क्षणी मेंदूत नेमकं काय पेटतं, ते स्कॅनमध्ये पकडायचं होतं. म्हणून मशीनमधल्या पडद्यावर मी मोठ्या हौसेने माझ्याच रहस्यकादंबरीतलं सगळ्यात थरारक प्रकरण लावलं. नर्स इंजेक्शन भरून तयार, मी काचेला नाक लावून उभा.

वीस मिनिटं गेली. खून झाला, खुनी सापडला, तरी बाईंचा मेंदू ढिम्म!

बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"डॉक्टर, सहा वर्षांनी काहीतरी शेवटपर्यंत वाचलं हो!"

 

डोळे पुसत त्या पुढे म्हणाल्या, "तुमचं आणखी काही असेल तर द्या ना. पण अगदी याच तोडीचं हवं हं!"