बाईंची बोटं

मोठ्या बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या आणि पहिलीचा वर्ग एकदम शहाण्यासारखा वागू लागला. अंध मुलांच्या शाळेत कोण आलं ते सांगावं लागत नाही.

टेबलाशी वर्गाच्या बाई होत्या. त्यांची नजर वर्षभरात इतकी अधू झाली होती की आता फक्त खिडकी कुठे आहे तेवढं कळायचं. आज त्यांनी बोटांनी वाचून दाखवायचं होतं. जमलं तर वर्ग त्यांचाच, नाहीतर ऑफिसात फोनजवळची खुर्ची. हे सांगताना मोठ्या बाईंचा आवाज फार मऊ झाला होता. त्यानेच बाई जास्त धास्तावल्या.

कारण सव्वीस वर्षं ब्रेल शिकवूनही त्यांना बोटांनी वाचता येत नव्हतं. डोळस शिक्षकांचं बहुतेक असंच असतं. ठिपके उठलेले असतात बोटांसाठी, हे वाचतात डोळ्यांनी. दरवर्षी नव्या शिक्षकांना बाई कपाटातलं एक जुनं जाडजूड पुस्तक दाखवत. त्यात आपली साधीच अक्षरं फुगवून छापलेली होती. "मुलांची बोटं यात अडखळायची," त्या सांगत, "पण शिकवणाऱ्यांना दिसायचं ना. म्हणून ठिपके आले तेव्हा आधी शिक्षकांनीच नाकं मुरडली." नवे शिक्षक हसत. बाईही हसत.

पुस्तकं कमी होती, म्हणून टकळी नावाची मुलगी बाईंच्या शेजारी बसली होती. हिचं तोंड गप्प राहत नसे, त्यावरून हे नाव पडलेलं. तिची बोटं पानाच्या खालच्या अर्ध्यात होती, बाईंची वरच्या.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. वाचायला कसली, म्हणायला. हे पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. "म्हातारीने दार उघडलं. दारात मांजर बसलं होतं." बोट ओळीवरून ऐटीत सरकत होतं, आवाज हवा तिथे चढत होता, पानंही उलटत होती. मागच्या बाकावर मोठ्या बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. तोही ऐकू आला.

"बाई, इथे मांजर नाहीये," टकळी म्हणाली.

"असेल गं. नीट बघ."

"नाहीच आहे. इथे विहीर आहे. तुमच्याकडून दोन पानं एकदम उलटली."

पान मागे घेऊन 'हो की गं' म्हटलं असतं, तरी निभावून गेलं असतं. मोठ्या बाईंनाही बोटांनी वाचता येत नव्हतं आणि बाईंना वर्गावरून उठवायची त्यांना हौसही नव्हती. बाईंनी पान अर्धं उचललंसुद्धा. पण शेजारची पोर विश्वास ठेवायला तयार बसली होती, आणि तिचीच बाईंना लाज वाटली. त्यांनी पान खाली ठेवलं.

"टकळे, मला ही विहीर सापडत नाहीये. मी पाठ म्हणत होते."

"तुम्हाला वाचता येत नाही?"

"डोळ्यांनी यायचं. बोटांनी नाही येत."

वर्गाने यावर जरा विचार केला. खिडकीकडच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "डोळ्यांनी कसं वाचतात?"  बाईंना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही, कारण मागच्या बाकाला दिसायचं ते दिसलंच होतं.

टकळीने त्यांचं बोट धरून विहिरीवर नेऊन ठेवलं. "दाबू नका ना बाई. दाबलं की सगळं सपाट होतं. नुसतं टेकवा."

बाईंनी बोट हलकं केलं. खाली काहीतरी खरखरलं, गेलं, पुन्हा आलं.

"व," त्या म्हणाल्या. पुढे काय असणार ते त्यांना ठाऊक होतं, पण ते अजून बोटाखाली आलं नव्हतं, म्हणून त्या थांबून राहिल्या. बाकांवर चुळबुळ सुरू झाली. कोणाच्या तरी तोंडातून पुढचं अक्षर जवळजवळ निसटलंच होतं.

"कोणी सांगायचं नाही," मोठ्या बाई मागून म्हणाल्या. "बाई वर्ग घेताहेत."