वरच्या खोलीचा रेडिएटर

खाली उतरवताना जिन्याच्या वळणावर रेडिएटर अडकला तेव्हा ब्रांडेस त्याच्या खालच्या बाजूला होते आणि भास्कर वरच्या. ओतीव लोखंडाचं ते जुनं धूड घसरलं, त्याचा एक पाय कठड्याच्या गजांत रुतला आणि त्याने ब्रांडेसना भिंतीशी चेपलं. भास्करने वरचं टोक दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, म्हणून सासऱ्यांना श्वास तरी घेता येत होता. एकट्याने ते वर ओढणं शक्य नव्हतं. सोडून देणं तर नव्हतंच.

"लागलं का, पापा?"

"नाही. पण हलू नकोस."

एकसष्ट सालातला जानेवारी. ब्राउनश्वाइग या जर्मन शहरातल्या त्या घरात तिघंच राहत: विधुर ब्रांडेस, त्यांची मुलगी गिझेला आणि पुण्याहून डॉक्टरेटसाठी आलेला हा जावई. जोडप्याची खोली गरम ठेवणारा रेडिएटर थंडीने तडकला होता. ब्रांडेसनी प्लंबर बोलावू दिला नाही. सकाळीच तळघरातली भट्टी विझवून घरभरच्या पाइपांतलं पाणी त्यांनी सोडून दिलं होतं. नवा रेडिएटर वर नेऊनही ठेवला होता, पत्र्याचा, हलका, पण जुन्यापेक्षा चांगला रुंद. "पुण्याच्या माणसाला थंडी सोसत नाही," म्हणाले होते.

आता घर गार पडत चाललं होतं. भास्करने हाका मारून पाहिल्या. कुणाला ऐकू गेल्या नाहीत. गिझेला दुकानातून घरी येईपर्यंत दोघांना असंच उभं राहायचं होतं.

रेडिएटरच्या पोटात उरलेलं काळं पाणी ब्रांडेसच्या शर्टावर ठिबकत होतं.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले, "काल मापं घ्यायला तुमच्या खोलीत गेलो होतो. पलंगाखाली ट्रंक आहे. भर थंडीत गिझेलाचे उन्हाळी फ्रॉक घड्या करून ठेवलेत त्यात."

भास्करच्या दंडात गोळे आले होते. पाठ फिरवून निघून जाता येण्यासारखी ती जागा नव्हती.

"मार्चमध्ये निघतोय, पापा. पुण्याच्या कॉलेजात मला नोकरी मिळाली आहे. गिझेला रोज म्हणते, आज सांगते, उद्या सांगते."

ब्रांडेसनी डोकं भिंतीला टेकवलं.

"आणि हे कळल्यावरही तुम्ही आज हे काढायला घेतलंत?"

"खोली उबदार असली तर माणूस थांबतो, असं वाटलं." त्यांनी कसाबसा श्वास घेतला. "मला कळलंय ते तिला सांगू नकोस. तिच्या तोंडून ऐकू दे मला. वचन दे."

"आधी तुम्हाला इथून सोडवू तर द्या."

"वचन दे, भास्कर."

भास्करने वचन दिलं.

गिझेला आली ती किंचाळतच जिना चढली. तिने कठड्यात अडकलेला पाय खालून ढकलला, भास्करने सगळा जोर लावून वरचं टोक उचललं, आणि ब्रांडेस कडेने सरकत बाहेर पडले. पायरीवर बसले. तिने त्यांच्या शर्टाची बटणं काढली. छातीवर लोखंडी कडांचे लालनिळे वळ उमटले होते. डॉक्टरला बोलावू म्हटलं तर त्यांनी हात झटकला. "घर गोठतंय. आधी नवा बसवा."

भास्करने तो बसवला. ब्रांडेस खुर्चीवर बसून कुठला नट किती आवळायचा ते सांगत राहिले, मग भिंतीचा आधार घेत खाली गेले. पाणी भरलं, भट्टी पुन्हा पेटली. चावी फिरवल्यावर आतली हवा फुस्स करून निघाली आणि दिवेलागणीला खोली ऊब धरू लागली.

गिझेलाने दार लोटून घेतलं आणि दोन्ही तळवे नव्या रेडिएटरवर ठेवले.

"आज सांगणारच होते," ती हळू आवाजात म्हणाली. "गेनाऊ, अगदी आजच. पण आता कसं सांगू? त्यांची छाती बघितलीस ना? आपल्या खोलीसाठी केलं त्यांनी हे सगळं."

त्यांना सगळं ठाऊक आहे, हे भास्करच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"एक वर्ष थांबू, भास्कर. एका वर्षाने असं काय बिघडतं?"

तळघरातून फावड्याचा आवाज येत होता. ब्रांडेस भट्टीत कोळसा टाकत होते. थांबतच नव्हते.