हात ढिला सोड

बिलकीसच्या खोलीत दुपारी सगळंच हिरवं दिसायचं. खिडकीच्या गजांना दोरीत ओवलेल्या काचेच्या बांगड्या टांगलेल्या असत आणि ऊन त्यांच्यातून गाळल्यासारखं आत येई. लक्ष्मीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या पदरावर, पायांवर, शेजारी बसलेल्या लेकीच्या गालावर हिरवे ठिपके हलत होते. चाकूरचा बाजार जेवून झोपला होता. तळ्याच्या तळाशी येऊन बसल्यासारखं त्यांना वाटत होतं.

वर्षाराणीचं लग्न परवावर आलं होतं. हिरवा चुडा बिलकीसनंच भरायचा, हे त्यांच्या घरात कधी ठरवावं लागलं नव्हतं. यंदा मात्र पुरुषमंडळींनी लातूरहून बांगड्यांचा तयार डबा आणून ठेवला. लक्ष्मीबाईंनी तो न उघडताच कपाटात टाकला, पोरीचा हात धरला आणि भर उन्हात चौक ओलांडून त्या इकडे आल्या. मिरवणुकीत दगडफेक झाली, तेव्हापासून त्यांच्या आळीतलं कुणीच हा चौक ओलांडत नव्हतं. बिलकीस दारात क्षणभर थांबली, मग "बसा" म्हणाली. तेवढंच.

खरं तर बिलकीसची निम्मी कला तिच्या जिभेत होती. चुडा भरताना तिच्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा. सासर कोणतं, नवरा काय करतो, सासू चहा गोड पिते की फिका. नवरी सांगण्यात गुंतली की हात आपोआप ढिला पडायचा आणि बांगडी मनगटावर कधी गेली ते कळायचंही नाही.

आज ती गप्प होती. तिनं वर्षाराणीचा पंजा हातात घेतला, बोटं जुळवली, अंगठा आत दाबला.

"हात ढिला सोड."

असं सांगून कुणाचा हात ढिला पडतो? पोरीनं तो आणखीच आवळला. बांगडी बोटांच्या हाडांपाशी अडली आणि कट्कन आवाज झाला.

"वाढली," बिलकीस म्हणाली आणि तुकडे सुपात टाकले.

बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, नवरीसमोर तर नाहीच नाही. वाढली म्हणायचं. लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांवर झापड येत होती. असंच गप्प बसावं, चुडा भरून व्हावा आणि उठून निघावं. कुणी काही बोललंच नाही तर काही झालंच नाही. दुसरी बांगडीही वाढली.

"न्हाई जमायचं का, आपा?"

"जमंल. हात लई ताठ हाय पोरीचा."

"तुमच्या कलीमचा बांगड्यांचा गाडा दिसंना चौकात." हे विचारायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं.

बिलकीसनं मान वर केली नाही. "गाडा वाढला न्हाई का अक्का, मिरवणुकीच्या दिशी. सगळा माल गेला. तवापासून पोरगं हैदराबादला कामाला हाय."

वाढला म्हणाली. गाडाभर काच, आणि तीही वाढलीच. त्या संध्याकाळी लक्ष्मीबाईंचा शिवम घरी आला तेव्हा त्याच्या चपलेच्या तळाला हिरवी काच रुतलेली होती. लेकाला एक शब्द न विचारता त्यांनी ती सुईनं उकरून काढली आणि त्याला ताट वाढलं. कुणी विचारलंच तर सांगायचंही ठरवून ठेवलं होतं, की गर्दी होती, कुणाचा धक्का लागला कोण जाणे.

"वाढला न्हाई, आपा," त्या म्हणाल्या. "फुटला. आमच्या शिवमनं फोडला."

वर्षाराणीनं दचकून आईकडं पाहिलं. चुडा अजून भरायचा, आणि आईच्याच तोंडी असा शब्द. बाहेरून एक रिक्षा गेली. भिंतीवरचे ठिपके थरथरले आणि पुन्हा जागेवर आले. आता ही पोरीचा हात सोडून देईल, उठा म्हणेल, असं लक्ष्मीबाईंना वाटलं. म्हणाली असती तर त्या उठल्याही असत्या. पोरीला भुंड्या हातांनी घरी न्यावं लागलं असतं आणि त्यात बिलकीसची काहीच चूक नव्हती.

बिलकीसनं हातातला पंजा सोडला नाही.

"म्या बघितलं व्हतं," ती म्हणाली. "गाड्यामागंच उभी व्हते की."

"मंग बोलल्या का न्हाईत?"

"तुमी कवा बोलताव, ती वाट बघून राहिले व्हते."

लक्ष्मीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "कलीमला लग्नाला बोलवा, आपा. शिवम स्टँडवर न्यायला जाईल. जे काय बोलायचं ते त्यानंच बोलावं." शिवम जाईल की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण आता घरी गेल्यावर हे त्याला सांगावं लागणार होतं.

बिलकीसनं दोरीतून एक बांगडी सोडवली, तिच्यावर फुंकर मारली, ओढणीच्या टोकानं पुसली. मग पोरीचा पंजा परत जवळ ओढला.

"सासर कोन्तं गं तुझं?"

"देगलूर, बिलकीसखाला."

"देगलूर? तिकडं तर निम्मे तेलुगू बोलत्यात. सासू चहा गोड पिती का फिका?"

"अजून कुठं प्यालेय मी त्यांच्यासंगं," वर्षाराणी म्हणाली आणि हसली. मग बघायला आले त्या दिवशी सासूनं साखर कशी दोनदा मागून घेतली ते सांगू लागली. लक्ष्मीबाईही मधेच काही सांगू लागल्या, आणि बांगडी मनगटावर कधी गेली ते तिघींपैकी कुणालाच कळलं नाही.