हिरवा की लाल

परक्या देशात शिरताना लोको पायलट रुक्साना मुलाणी चष्मा चढवायची. त्यातून कुठलाही सिग्नल तिच्या मिरजेतल्या सिग्नलसारखा दिसायचा. तिचा सहायक तैमूर दुसऱ्या देशाचा होता. त्याचा चष्मा त्याच्या गावचे रंग दाखवायचा. तिला एक पिवळा दिसे तिथे त्याला दोन दिसत, पण दोघांचा अर्थ एकच निघे.

त्या दुपारी डोंगरातलं वळण जवळ आलं.

"हिरवा," ती म्हणाली.

"लाल," तैमूर म्हणाला.

असं कधीच झालं नव्हतं. मागे आठशे प्रवासी होते. तैमूर चाचरला. "मॅडम, माझाच चष्मा बिघडला असेल. तुमचा नवा आहे."

"असू दे नवा. एकाला लाल दिसला, की तो दोघांना लाल!" रुक्सानाने ब्रेक लावला.

गाडी थांबल्यावर दोघांनी चष्मे काढले. सिग्नलची लाल काच फुटली होती आणि आतला पांढरा दिवा उघडा पडला होता. तिच्या चष्म्याने पांढऱ्याचा अर्थ 'जा' असा लावला होता, त्याच्या चष्म्याने 'थांब'. वळणापलीकडे त्याच रुळावर एक मालगाडी उभी होती.

रुक्सानाने पुढच्या स्टेशनमास्तरांना रेडिओवर गाठलं. "तुमच्याकडच्या प्रत्येक रंगाचा अर्थ सांगा. आम्ही उघड्या डोळ्यांनी येतोय."

मालगाडी हलली, परवानगी मिळाली. पुढचा सिग्नल दिसताच दोघांनी एकदमच त्याचा रंग मोठ्याने म्हटला, आणि चष्म्याशिवाय पहिल्यांदाच दोघांच्या तोंडी एकच शब्द आला.