मंगळवारची नोंद

मॅरेथॉनच्या सरावाबरोबरच टोर्गेअरने हृदयाच्या एका संशोधनातही नाव घातलं. छातीला पट्टा बांधून रोज दहा किलोमीटर पळायचं. ठोक्यांची नोंद आपोआप हॉस्पिटलात पोचायची. बर्गन शहरातल्या पावसाचा कंटाळा आला की तो पट्टा बायकोच्या हातात द्यायचा.

"आज माझ्या वाटचंही तूच पळ गं!"

"पळते की! पण मग पदकही माझंच हं, आळशा," राग्नहिल्ड हसायची.

आज सकाळी डॉक्टरांचा फोन आला. "मंगळवारचे ठोके फार वाईट आहेत. एक पाऊलही पळू नका, जिवावर बेतेल. अँब्युलन्स पाठवतोय."

छाती धरून टोर्गेअर खालीच बसला.

मग त्याला आठवलं, मंगळवारी तो दिवसभर सोफ्यावर वॅफल खात पडला होता; आणि आत्ता दाराशी राग्नहिल्डचे पळायचे बूट नव्हते.